वारेसाठी थांबलेली गाडी

माझ्या नवऱ्याला आज कोणी विचारलं तर तो छाती पुढे काढून सांगतो, "आमचा पोट्टा झाला तवा रेल्वेनं गाडी थांबवली होती!" ऐकणाऱ्याला वाटतं, इंजिनाला यानंच हात दाखवला असेल. हा बाबा तिथं नव्हताच. तिथं मी होते, माझी सासू होती आणि एक कोरं मडकं होतं. आणि गाडी थांबली ती माझ्यासाठी नाही, पोरासाठी नाही, मडक्यासाठी तर नाहीच नाही. ती थांबली माझ्या वारेसाठी.

वार म्हणजे काय हे बायकांना सांगायला नको. पुरुष वाचत असतील तर त्यांच्यासाठी सांगते. नाळेचं एक टोक बाळाच्या बेंबीला असतं आणि दुसरं ज्या भाकरीएवढ्या मांसाच्या गोळ्याला असतं, ती वार. पोटात असताना बाळ तिच्यावरच पोसतं. आधी बाळ येतं, मग वार पडते. पोरगा झाला की पुरुष पेढे आणायला पळतात, तेव्हा बाई आत वार पडायची वाट पाहत असते. पडली तर बाळंतीण सुटली. नाही पडली तर पेढे कोणी खात नाही.

आमच्या गावाचं नाव सांगत नाही. जऊळक्याच्या आसपास कुठंतरी समजा. तिथल्या स्टेशन मास्तरची नातवंडं आता मोठी झाली असतील, त्यांना उगाच वाईट वाटायला नको. तेव्हा वाशीम जिल्हा व्हायचा होता, आमचा सगळा कारभार अकोल्याला. कोर्टाचं काम अकोल्याला, मोठं दुखणं अकोल्याला, आणि पोट फाडून मूल काढायचं असलं तर तेही अकोल्याला. माझी पहिली मुलगी तशीच निघाली. आडवी आली होती. मला सुई टोचली, मी झोपले, उठले तर पोटाला शिवण आणि शेजारी पोरगी.

सासूला आम्ही आत्याबाई म्हणायचो. पोरगी पाहून आत्याबाईंनी पहिला प्रश्न विचारला, "वार कुठी हाय?" वॉर्डातल्या आयाबाईनं सांगितलं, गेली. "गेली म्हंजे? पाय हायत का तिले?" मग त्यांनी झाडूवालीला विचारलं, कंपाउंडरला विचारलं, एका डॉक्टरला जिन्यात अडवून विचारलं. त्या डॉक्टरला वाटलं बाईंच्या डोक्यावर परिणाम झालाय, त्यानं त्यांना झोपेची गोळी लिहून दिली. मी वॉर्डात होते तितके दिवस आत्याबाई दवाखान्याच्या मागच्या फाटकाशी बसून होत्या. तिथून काय काय बाहेर जातं ते पाहत. वार काही सापडली नाही.

तुम्ही म्हणाल अंधश्रद्धा. तसं म्हणायची सोय नव्हती. आमच्या घराण्यानं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा देव्हाऱ्यातले सगळे देव आत्याबाईंनी स्वतःच्या हातानं गोणपाटात बांधले आणि नदीत सोडून आल्या. येताना मागं वळून पाहिलं नाही. उपास सोडले, नवस सोडले, अंगात येणाऱ्या नणंदेला दाराबाहेर काढलं. पण वारेचा विषय निघाला की म्हणायच्या, "वार काय देव हाय का वं? वार आपल्या आंगातली हाय. आपलं आपल्या मातीत गेलं पाह्यजे. नाई गेलं तर लेकरू भटकते." आणि माझी पोरगी खरंच भटकायची. जरा नजर चुकली की निघाली रस्त्यानं. कधी स्टेशनात सापडायची, कधी कोणाच्या गंजीत. प्रत्येक वेळी तिला काखेत मारून आणताना आत्याबाई माझ्याकडे अशा पाहायच्या, जशी काही मीच तिची वार अकोल्यात विकून आले.

माझा नवरा शाळेत मास्तर. गावोगावच्या सभांत भाषणं ठोकायचा: जुन्या रूढी गाडा, विज्ञानाची कास धरा. आवाज चांगला होता, टाळ्या पडायच्या. मला दुसऱ्यांदा दिवस गेले आणि सातवा महिना लागला तेव्हा एक दिवस पाहते तर हा गृहस्थ मागच्या अंगणात घामाघूम होऊन खड्डा खोदतोय. म्हटलं, हे काय? म्हणाला, "माय म्हणे. आणि व्यायाम होते." जुन्या रूढी गाडायला खड्डा लागतच असेल, असं मी म्हणाले, तर दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

मला त्या खड्ड्याची नाही, दुसऱ्याच गोष्टीची भीती होती. अकोल्याच्या डॉक्टरीणबाईंनी मला घरी सोडताना चष्म्यातून वर न पाहता सांगितलं होतं, "पुढच्या खेपेला नववा लागला की इथं येऊन पडायचं. घरी कळा घ्यायच्या नाहीत. आतली शिवण उसवली तर बाई जाते. आणि समजा मूल झालंच, तर वार कधी कधी जुन्या शिवणीला धरून बसते. कोणाला ओढू द्यायची नाही. ओढली तर संपलं." बाकी सगळं मी विसरले, तेवढं लक्षात ठेवलं. ओढू द्यायची नाही. घरी माझी पोरगी होती, रस्त्यानं निघून जाणारी. मी गेले तर तिला शोधायला जाणार कोण? म्हाताऱ्या आत्याबाई किती दिवस पुरणार? आणि मास्तर तर भाषणाला गेलेला असायचा.

नववा लागला. मी ट्रंक भरली. आत्याबाई म्हणाल्या, "आज बाजार हाय." दुसऱ्या दिवशी कापूस वेचायला बाया मिळाल्या होत्या, त्यांच्या मागे उभं कोण राहणार? मग अमावस्या आली. मी म्हटलं, आत्याबाई, आपण अमावस्या मानत नाही. "आपन नाई मानत, पन गाडीतले लोक मानतेत. गर्दी राहते." त्यांचा आतला हिशेब मला समजत होता. मी घरीच बाळंत झाले की वार घरात, खड्डा तयार, नातू जागेवर. शेवटी मी चुलीजवळ बसून मोठ्यानं रडले तेव्हा तह झाला. अकोल्याला जायचं, पण सोबत मडकं न्यायचं. पोट फाडलं तरी वार मागून घ्यायची, हळद लावायची, मडक्यात घालायची आणि गाडीनं परत आणायची. मी म्हटलं, मडकंच काय, रांजण घ्या, पण चला.

आणि मास्तर? ते नसबंदीचे दिवस होते. प्रत्येक मास्तरनं ऑपरेशनसाठी माणूस आणून द्यायचा, नाहीतर पगार बंद. अशा माणसाला 'केस' म्हणायचे. आमचा मास्तर केस शोधत तिकडे मानोऱ्याच्या तांड्यांकडे गेला होता. त्याची स्वतःची बायको शेवटच्या दिवसांत आणि हा दुसऱ्यांची पोरं बंद करायला रानोमाळ. तांड्यावर मास्तर दिसला की गडी कपाशीत पळायचे, हा त्यांच्या मागे पळायचा. त्याचा व्यायाम तिकडंही होत होता म्हणायचं.

निघायच्या सकाळीच मला कळा सुरू झाल्या. पोरीला शेजारणीकडे ठेवलं, एका शेजाऱ्याची बैलगाडी घेतली. त्याला कापूस भरायची घाई, त्यानं बैल असे हाकले की माझी हाडं खिळखिळी झाली. मी गाडीच्या दांडीला दोन्ही हातांनी धरून बसले होते. आत्याबाईंनी मला धरावं की नाही? नाही! त्यांचा एक हात मडक्याला आणि दुसराही हात मडक्यालाच. खड्डा आला की त्या म्हणायच्या, "आरं हळू हाक ना बह्याडा, फुटंन ना!" मी म्हटलं, "कोण फुटंन, आत्याबाई?" तर म्हणाल्या, "तू बोलू नको, दम जाते."

स्टेशनात शेजाऱ्यानं आम्हाला उतरवलं आणि तो तसाच फिरला. दुपारची गाडी यायची होती. माझ्या कळा तोवर थांबणार नव्हत्या हे आत्याबाईंना माझं तोंड पाहूनच समजलं. बायकांच्या वेटिंग रूमला कुलूप. स्टेशन मास्तर उत्तरेकडचा, एकटा राहणारा तरुण माणूस. आत्याबाईंनी त्याच्या खोलीचं दार असं बडवलं की तो बनियनवरच बाहेर आला. कुलूप काढलं तर आत त्याचं जळतण, चार भोपळे, एक मोडकी खुर्ची आणि सरकीची पोती. "ये बुक किया हुआ माल है," तो म्हणाला. तोवर मी पोत्यांवर आडवी झाले होते. बुक केलेला माल आता मीच होते.

डॉक्टरीणबाईंनी कळा घ्यायच्या नाहीत म्हणून सांगितलं होतं. कळांना ते कोणी सांगितलं नव्हतं. प्रत्येक कळेला मी दोन्ही हातांनी जुन्या शिवणीवर पोट दाबून धरायची आणि मनात म्हणायची, उसवू नको, बाई, उसवू नको. आणि शिवण टिकली! पोरगा सरळ आला, आत्याबाईंच्या हातात. "पोट्टा हाय वं!" त्या ओरडल्या. पोरानं असा टाहो फोडला की बाहेर झाडावरचे कावळे उडाले. मी हसले, रडले, दोन्ही. आत्याबाईंनी मडकं जवळ ओढून ठेवलं आणि आम्ही वारेची वाट पाहू लागलो.

ती येईना. आमच्याकडे वार पडल्याशिवाय नाळ कापत नाहीत. कापली की वार वर चढते आणि काळजाला जाऊन भिडते, असं सगळ्या बाया सांगायच्या. त्यामुळे पोरगा माझ्या मांड्यांमध्ये फडक्यावर, अजून मला बांधलेला. त्याला उचलायचं तर मला उचला, मला उचलायचं तर त्याला. आणि तेवढ्यात गाडी आली.

स्टेशन मास्तर धावत आला. "चलो, चलो, उठाओ, गाड़ी में डालो! अकोला पहुँच जाओगे!"

"कशी घालता? वार नाई पडली," आत्याबाई म्हणाल्या.

"वो क्या होता है?"

आत्याबाईंनी त्याला हातवारे करून सांगितलं. बिचारा लाल झाला, मग पांढरा झाला. गार्ड आला, त्यालाही सांगितलं. दोघांनी बाहेर जाऊन खल केला. अशा बाईला तशीच टाकून गाडी सोडावी तर पाप, थांबवावी तर वर उत्तर द्यावं लागणार. स्टेशन मास्तर फोनशी गेला, गाड्या सोडणाऱ्या वरच्या कंट्रोलला विचारायला. भिंतीपलीकडून त्याचा आवाज मला ऐकू येत होता. "जी सर, डिलिव्हरी हो गई. नहीं सर, पूरी नहीं हुई. आधी हुई. जी? आधी मतलब... सर, आप शादीशुदा हैं क्या?"

गाडी थांबली की आमच्याकडचे लोक डब्यात बसून राहत नाहीत. काय झालं, काय झालं करत सगळी गाडी खाली उतरली. पुरुषांना आत्याबाईंनी दारातूनच हाकललं, बाया मात्र आत घुसल्या. आणि मग प्रत्येकीला इलाज माहीत. पहिला इलाज आत्याबाईंचाच. त्यांनी माझी वेणी धरली आणि माझ्याच तोंडात घशापर्यंत कोंबली. ओकारी आली की पोट आखडतं आणि वार पडते म्हणे. मला ओकारी आली, डोळ्यांतून पाणी आलं, सकाळचा चहा आला, वार आली नाही. मग एकीनं रिकामी बाटली दिली, हिच्यात फुंक मार. मी फुंकलं. बाटली वाजली, तेवढंच. एक म्हणाली, नाळेला खुरपं बांधा, वजनानं येते. स्टेशनात खुरपं नव्हतं हे माझं नशीब. दुसरी म्हणाली चप्पल बांधा. चपला सगळ्यांच्याच पायात होत्या.

मग एक दांडगी बाई पुढं आली. बाह्या सरसावून म्हणाली, "सरका वो, मी म्हशीची काढतो, हिची नाई निघणार? अशी ओढली का आली पाहा!"

"ओढू नका! मला अकोल्याच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय, पोटात शिवण आहे!"

"त्याइले काय समजते?" असं म्हणत तिनं नाळेला हात घातला. मी उठू शकत नव्हते. पण तिचा दुसरा हात माझ्या तोंडापाशी आला होता. मी चावले. कसून चावले. ती बोंबलत बाहेर गेली आणि साऱ्या फलाटाला सांगितलं की बाळंतिणीच्या अंगात आलंय. मी दात विचकून बाकीच्यांना म्हटलं, "या, कोणाला यायचं ते या!" आत्याबाई माझ्या पायाशी उभ्या राहिल्या आणि दोन्ही हात आडवे पसरून म्हणाल्या, "माह्या सुनेले कोनी हात लावाचा नाई." त्यांनी माझी बाजू घेतलेली मी लग्नानंतर प्रथमच पाहत होते.

तेवढ्यात गर्दीतून पांढरं लुगडं नेसलेली नर्सबाई आत आली. कुठल्याशा नसबंदी शिबिरावरून ती याच गाडीनं परत चालली होती. माझा जीव भांड्यात पडला. तिनं हात धुतले, माझ्याजवळ बसली, पोराकडे पाहिलं आणि विचारलं, "ही कितवी खेप?"

"दुसरी."

"मग ऑपरेशनचं काय ठरवलंय?"

मी म्हटलं, "बाई, आधी हे तर होऊ द्या!" तिनं "तसं नाही, विचारून ठेवलं," असं म्हणत माझं पोट तपासायला लुगडं सरकवलं आणि जुनी शिवण पाहून तिचा हात तिथंच थबकला. "आधी सिझर झालंय? आणि इथं, पोत्यांवर?" मग ती उभी राहिली आणि म्हणाली की हे स्टेशन काही तिच्या हद्दीत येत नाही. हद्द रेल्वेची आहे. आत्याबाई म्हणाल्या, "मंग काय इंजिन डायवर काढंन का वार?" नर्सबाई गेली मात्र नाही. म्हणाली, ओढायची नाही हे खरं आहे. वाट पाहू.

वाट पाहणारे सगळेच होते. पोरगा तेवढा थांबायला तयार नव्हता. तो एकसारखा रडत होता. आत्याबाई त्याच्या तोंडात गुळाच्या पाण्याचा बोळा देत होत्या, तो थुंकत होता. अंगावर पाजायचं तिसऱ्या दिवशी, पहिला चीक पिळून टाकायचा, हा आमच्याकडचा पक्का नेम. नर्सबाई त्यावर काही बोलली नाही, तिचा नेम बहुतेक हद्दीबाहेर लागू नव्हता. शेवटी भिंतीपलीकडून स्टेशन मास्तर ओरडला, "अरे माताजी, पहले उस बच्चे को चुप कराओ! कंट्रोल को कुछ सुनाई नहीं दे रहा है!"

माझं डोकं फिरलं. सगळे मला हुकूम सोडत होते, आता फोनसुद्धा! मी म्हटलं, खड्ड्यात गेला तुमचा तिसरा दिवस. नाळ लांब होती. पोराला तसंच वर ओढलं आणि छातीशी धरलं. "अवो, काय करून राह्यली!" आत्याबाई ओरडल्या. पण त्यानं तोंडात धरलं होतं, ते सोडवायला आता पोलीस लागले असते. स्टेशनात एकदम शांतता झाली. पलीकडून आवाज आला, "जी सर, अब बोलिए."

तो ओढत होता आणि माझ्या पोटात खाली काहीतरी आवळत होतं. एकदा, पुन्हा एकदा. मी म्हटलं, "आत्याबाई, कळ येतेय." त्यांनी हात खाली धरले आणि वार आपली आपण त्यांच्या हातात आली. कोणी ओढली नाही.

मग काय विचारता! आत्याबाई म्हणाल्या, वेणीनंच झालं, उशिरा लागू पडलं. बाटलीवाली म्हणाली, फुंकर आत जायला वेळ लागतो. नर्सबाई म्हणाली, मी तेच सांगणार होते, अंगावर घ्या म्हणून. बाहेर ती दांडगी बाई चावलेला हात दाखवून सांगत होती की हिसका मीच दिला होता. रेल्वेच्या कंट्रोलचं नाव मात्र कोणी घेतलं नाही, म्हणून मी इथं घेते.

आत्याबाईंनी वार पोत्यावर पसरून पाहिली. भाकरीसारखी उलटून पालटून त्या तपासत होत्या, कुठं तुकडा राहिला का ते. पाहता पाहता त्यांचा चेहरा बदलला. नर्सबाई वाकली. दोघी एकमेकींकडे पाहू लागल्या. एका कडेला वार फाटलेली होती, एक तुकडा कमी. तो तिथंच राहिला होता, जुन्या शिवणीला धरून. आणि मला एकदम पोत्यावर काहीतरी गरम गरम वाहतंय असं वाटलं.

नर्सबाईनं हद्दीचं नाव काढलं नाही. तिनं पिशवीतून सुई काढून टोचली, नाळ बांधून कापली, पोराला दुपट्यात गुंडाळून स्वतःकडे घेतलं आणि ओरडली, "हिला उचला, गाडीत घ्या, अकोल्याशिवाय इलाज नाही!" बाहेरचे चार पुरुष बाक घेऊन आत आले. मला त्यावर ठेवलं. माझे कान बंद होत होते, तोंडाला कोरड पडली होती. मला माझी पोरगी दिसत होती, रस्त्यानं एकटी चाललेली.

आत्याबाईंनी तेवढ्यात वार हळद लावून मडक्यात घातली होती, वर फडकं बांधलं होतं. मडकं दोन्ही हातांनी छातीशी धरून त्या बाकाच्या मागे निघाल्या. नर्सबाईनं माझ्या बेंबीखाली हात ठेवला आणि म्हणाली, "गर्भपिशवी ढिली पडतेय. हिला इथं असं धरून चोळत राहायला पाहिजे. सोडलं की रक्त जाणार. माझ्या हातात लेकरू आहे. म्हातारे, तू धर. एका हातानं नाही भागत, दोन्ही हात लाव."

आत्याबाई थांबल्या. एवढाच क्षण मला नीट आठवतो. त्यांनी मडक्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. आणि मडकं खाली ठेवलं. दाराशी, त्या चार भोपळ्यांच्या शेजारी. नीट टेकवलंसुद्धा नाही, ते कलंडलं. त्यांनी मागं वळून पाहिलं नाही. दोन्ही हात माझ्या पोटावर आले.

गाडी सुटली. कंट्रोलनं त्या स्टेशन मास्तरला पुढे काय विचारलं ते त्याचं त्याला माहीत. अकोल्यापर्यंत आत्याबाईंचे हात माझ्या पोटावरून उठले नाहीत. गाडी हिसके देत होती, त्या बाकाला गुडघे लावून वाकून उभ्या होत्या आणि चोळत होत्या. एका बाईनं पाणी पुढं केलं तर त्यांनी तोंड उघडलं, हात नाही काढला. त्या बाईला त्यांच्या तोंडात ओतावं लागलं. नाकावर माशी बसली, त्यांनी मान झटकली. माझे डोळे मिटले की ओरडायच्या, "वं पोरी, झोपू नको! पाहा माह्याकडं! तुही पोट्टी मले आवरत नाई, सांगून ठेवतो. तुलेच यावं लागते घरी!" नर्सबाई शेजारी पोराला घेऊन बसली होती. तिची अर्धी काळजी माझी होती आणि अर्धी ऑपरेशनच्या केसची. मला दोन्ही चाललं.

दवाखान्याच्या दारात मला आत नेताना दोन आयाबायांनी मिळून आत्याबाईंची बोटं सोडवली. ती तशीच वाकडी राहिली होती. डॉक्टरीणबाई तीच. या वेळी तिनं चष्म्यातून वर पाहिलं, आधी मला भरपूर रागावली, मग तो तुकडा काढला, रक्त चढवलं. मी वाचले.

दुसऱ्या दिवशी मास्तर आला, पायांत काटे, धोतर फाटलेलं. तांड्यावरून एकही केस मिळाली नव्हती. मला पाहून त्याचे डोळे भरून आले, ते खरं होतं, मी नाकारत नाही. पोराला घेतलं. वॉर्डातल्या बायांना त्यानं विज्ञानाचे चमत्कार सांगितले. मग आईच्या कानाशी वाकून हळूच म्हणाला, "माय, मडकं कुठी हाय? खड्डा तसाच हाय ना."

आत्याबाई हाताची बोटं चोळत बसल्या होत्या. म्हणाल्या, "कोनतं मडकं?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी पोराला त्याच्याकडून पाजायला घेतलं.

सुट्टी मिळाल्यावर आम्ही गाडीनंच परतलो. स्टेशनात उतरलो तर स्टेशन मास्तर धावत आला, या वेळी पूर्ण कपड्यांत. "माताजी! आपका सामान यहीं छूट गया था उस दिन. वो मटका. मैंने उसको..."

आत्याबाई थांबल्यासुद्धा नाहीत. "माह्यं कोनतंच सामान नाई राह्यलं अठी," त्या म्हणाल्या. एका हातात पोरगा होता, दुसरा हात त्यांनी माझ्या पाठीवर ठेवला आणि मला पुढं ढकलत चालल्या. "माह्यं सामान मी संग घेऊन आली."

त्या स्टेशन मास्तरनं मडक्याचं काय केलं ते मला आजतागायत माहीत नाही.

घरी पोहोचलो तर पोरगी नेहमीप्रमाणे रस्त्यातच भेटली. आत्याबाईंनी तिला काखेत घेतलं, पण माझ्याकडे तसं पाहिलं नाही. संध्याकाळी मी मागच्या दारात उभी होते. आत्याबाई फावड्यानं तो खड्डा बुजवत होत्या. मी म्हटलं, "आत्याबाई, यात काही लावायचं का? लिंबू वगैरे?"

"काय लावतं? राहू दे रिकामा," त्या म्हणाल्या. "चाल, घरात चाल. वारं लागून राह्यलं तुले."